खांद्यावरचा हात

"हा हात कोणाचा?" नगरपालिकेच्या कारकुनाने इस्त्रीच्या टेबलावर मोठा फोटो पसरत विचारलं.

"थोरल्याचा," म्हातारी म्हणाली.

दवाखान्याच्या धुलाईघरात ती आणि तिची सून चादरींच्या घड्या घालत होत्या. चादर लांबरुंद, तिला दोन्ही टोकांना एकेक माणूस लागतो. सासू-सुनेचं एरवी पटो न पटो, घडी मात्र चार वर्षांत कधी वाकडी झाली नव्हती.

फोटोत तिचा धाकटा मुलगा होता, गणवेशात, पहिल्या सुट्टीवर आलेला. गेल्या हिवाळ्यात तो सीमेवर गोळी लागून गेला. नगरपालिकेच्या सभागृहात कामी आलेल्या सैनिकांची एक भिंत आहे, तिथे येत्या रविवारी त्याचा फोटो लागायचा होता. पलटणीकडून ओळखपत्राचा फोटो आला होता, पण त्यात तो असा बघत होता, जणू कोणी त्याच्यावर चोरीचा आळ घेतलाय. म्हणून म्हातारीने हौसेने हा हसरा दिला. तो दोघा भावांचा होता. फोटोवाल्याने थोरल्याला कापून टाकलं, पण धाकट्याच्या खांद्यावरचा त्याचा पंजा तेवढा राहून गेला.

"हा पुसावा लागेल, आई. साहेबांनी पाठवलंय मला. या कागदावर सही करा."

"राहू द्या की तेवढा," सून पहिल्यांदाच बोलली. ती थोरल्याची बायको. "कोणाला काय करतोय तो?"

कारकून वाईट माणूस नव्हता. तो समजावत म्हणाला, "वहिनी, भिंत सैनिकांची आहे. तुमचे मालक काय करायचे?"

"वायरमन होते. या दवाखान्याची लाइट गेली होती, वादळात. खांबावर चढले. खालून कोणीतरी बटण दाबलं."

"तोही कामावरच गेला हो," म्हातारी म्हणाली.

"मला कळतं. पण पगारासाठी काम करणं वेगळं, आई."

"धाकट्यालाही पगार होता."

कारकुनाने फोटोचं वळलेलं टोक सपाट केलं. मग तो हळूच म्हणाला, "माझे वडील गिरणीत पट्ट्यात सापडून गेले. त्यांचा फोटो आमच्या घरीच आहे. मीही कधी मागितली नाही भिंत. आणि खरं सांगू? तुमच्या धाकट्याला माहीत होतं की परत येणं आपल्या हातात नाही. तरी गेला. त्याचं काहीतरी असेल ना जास्त?"

म्हातारीने विचार केला. "असेल. थोरल्याला कुठलं माहीत? तो जेवण झाकून ठेव म्हणून गेला होता."

धाकट्याला आणलं तेव्हा बाजार बंद होता आणि शाळेतली पोरं रस्त्याच्या दुतर्फा उभी होती. त्याच्या सामानाची पेटी घरपोच आली, आतल्या बनियनलासुद्धा इस्त्री. थोरल्याच्या वेळी दुसऱ्या दिवशी ठेकेदार आला आणि खांबावर चढताना कंबरेला बांधायचा पट्टा मागून घेऊन गेला, कारण पट्टा ठेकेदाराचा होता. तिसऱ्या दिवशी म्हातारी कामावर हजर. त्या वेळी ती रडली होती. धाकट्याच्या वेळी रडू आलंच नाही, आणि एवढी माणसं बघत असताना आलं नाही याची तिला अजून लाज वाटायची.

"सही नाही केली तर?"

"तर यंदा फोटो लागणार नाही. साहेब हट्टी आहेत, आई. पुढच्या वर्षी बघू म्हणतील, आणि पुढचं वर्ष म्हणजे तुम्हाला माहीतच आहे."

म्हातारीने सुनेकडे पाहिलं नाही. तिने सही केली. एकाला भिंतीवर चढवायला दुसऱ्याला पुसलं, एवढं तिला स्वच्छ कळत होतं, आणि कळूनही आत काही हलत नव्हतं.

कारकून गेला. सुनेने पुढची चादर उचलली, आपली दोन टोकं धरली आणि उभी राहिली. म्हातारीने समोरची टोकं धरायला वेळ लावला. सून वाट बघत राहिली. मग दोघींनी चादर झटकली.

रविवारी म्हातारीला पहिल्या रांगेत खुर्ची होती. सुनेला मागे कुठेतरी जागा मिळाली. साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या.

फोटोवाल्याने काम बेमालूम केलं होतं. पंजा गेला होता. त्या जागी गणवेशाचं कापड, कापडावर चुणी, सगळं जिथल्या तिथे. पण थोरला अंगाने दांडगा, कोणाच्या खांद्यावर हात टाकला की सगळा भार टाकायचा. त्या भाराने धाकट्याचा डावा खांदा खाली गेला होता. तो तसाच राहिला होता, आणि मानही तिकडेच कललेली. वर काही नसताना तो वाकून हसत होता.

"फोटो तिरका लागलाय का हो?" मागून कोणीतरी विचारलं.

साहेबांनी मान वाकडी करून पाहिलं. "तिरकाच आहे. नीट करा तो."

कारकून स्टूल घेऊन आला. त्याने चौकट डावीकडून जराशी उचलली, मागे वाकून पाहिलं, पुन्हा उजवीकडून उचलली. सभागृह थांबून राहिलं. म्हातारी हात मांडीवर ठेवून बघत होती. चौकट पहिल्यापासून सरळच होती.