अवेळी भरलेली सूटकेस

मी एक जुनी, तपकिरी सूटकेस आहे. जुनी म्हणजे किती जुनी? माझा जन्म झाला तेव्हा सूटकेसला चाके असावीत हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. आम्हाला माणसे हातात धरून नेत. आजकालच्या बॅगा जमिनीवरून फरफटत जातात आणि वर तोरा मिरवतात! असो. मित्रांनो, म्हातारीची कुरकुर मनावर घेऊ नका. मला तुम्हाला दुसरेच काही सांगायचे आहे.

माझे अस्तर कारखान्यातल्या एका बाईने शिवले. शिवता शिवता ती शेजारणीला सासूची गाऱ्हाणी सांगत होती. त्या नादात एका कोपऱ्यात टाका वाकडा गेला, तो अजून तसाच आहे. पुढे एका चष्मेवाल्याने मला विकत घेतले. चष्म्याच्या फ्रेम आणायला तो मला गावोगाव नेई. आगगाडीत लोक विचारत, "कुठून घेतलीत हो? मजबूत दिसते!" तेव्हा माझी कुलपे चमकत असत आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटे. त्याची थोरली मुलगी सासरी गेली तीही माझ्यातच साड्या भरून. मग मात्र मी रिकामी परत आले आणि माळ्यावर गेले. तिथे मोडका पंखा आणि जुन्या गाद्या यांच्या संगतीत माझी बरीच वर्षे गेली. काम सरले की माळा, हीच आमची रीत.

एके दिवशी माळ्याखाली घरातली सगळी जमली. धाकटीला एका दूरच्या देशातल्या विद्यापीठात शिकायला जायचे होते आणि तिचा अर्ज भरणे चालले होते. त्यात एक प्रश्न होता : तुम्हाला आर्थिक मदत लागेल का? हा प्रश्न फक्त परदेशी मुलांनाच होता.

तिकडे शिकून आलेला मावसभाऊ म्हणाला, "'हवी' असं लिहिलंस तर तुझा नंबर मागे जाईल. परदेशी मुलांचं तसंच असतं. सरळ 'नको' लिही."

"नकोच लिही," चष्मेवाला म्हणाला. "मी दुकानात बसलोय ना अजून!"

सगळे हसले. धाकटीने 'नको' लिहिले आणि तिला प्रवेश मिळाला. घरात आनंदी आनंद झाला. आई नवी बॅग घ्यायला निघाली, पण धाकटीने मला खाली ओढले. बॅगा दुरुस्त करणाऱ्याने मला चार चाके बसवली आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ही काही इतक्यात हार मानायची नाही." म्हातारपणी मला असे पाय फुटले आणि मी परदेशी निघाले.

तिथली खोली अरुंद होती. दोन पलंग, एक कपाट, खिडकीखाली सायकलींची रांग. दुसऱ्या पलंगावर त्याच देशातली एक मुलगी राहायची. ती इतकी उंच होती की धाकटी तिला लंबू म्हणे. लंबूनेच मला उचलून कपाटावर ठेवले. दोघींचे मेतकूट लवकरच जमले. एकीचे मोजे दुसरीच्या पायात असायचे.

पण मित्रांनो, मला तिथे करमत नसे. माझ्या अस्तरात घरच्या साबणाचा वास होता. कधी कधी धाकटी मला खाली काढायची, झाकण उघडायची आणि नुसती बसून राहायची. कुणाचाही हात कपाटावर आला की मला वाटे, चला, निघालो घरी! पण तो हात लोकरीचे कपडे घेऊन मागे जायचा. मला घराची फार ओढ लागली होती, तिलाही लागली होती. फरक एवढाच की तिला आधी शिक्षण पुरे करायचे होते. पुलांचे आराखडे काढताना ती जेवणसुद्धा विसरत असे.

शेवटचे वर्ष तोंडावर आले होते. एकदा घरच्यांशी फोनवर बोलताना धाकटी पडद्याकडे रोखून बघू लागली.

"बाबा, तुम्ही डाव्या हाताने चहा का पिताय?"

"उगाच. सवय करून बघतोय."

"उजवा हात दाखवा."

पलीकडे आई म्हणाली, "दाखवा हो. किती दिवस लपवणार तिच्यापासून?"

त्याने हात वर केला. तो थरथरत होता आणि थांबायचे नाव घेत नव्हता. त्या हाताने आता काच घासता येत नव्हती. दुकान बंद झाले होते. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रश्न कुणी उच्चारला नाही, पण तो त्या खोलीत येऊन बसला.

नेमकी त्याच सुमारास लंबूच्या आईचीही नोकरी गेली. दोघी मैत्रिणी मिळून विद्यापीठाच्या मदत कार्यालयात गेल्या. तिथल्या बाईंनी एकेकीला आत बोलावले. लंबूची मदत आठवड्याभरात मंजूर झाली. धाकटी मात्र रिकाम्या हाताने परतली.

"काय म्हणाल्या त्या बाई?" लंबूने विचारले.

"चांगल्या होत्या गं. पाणी दिलं. म्हणाल्या, 'प्रवेशाच्या वेळी तू मदत नको म्हणाली होतीस. परदेशी मुलांना ते नंतर बदलता येत नाही. निधी इथल्या लोकांच्या पैशांतून येतो, तो सगळ्यांना कसा पुरणार?'"

"मला तर कुणी काही विचारलंच नव्हतं प्रवेशाच्या वेळी!"

"त्यांचंही खोटं नाही, पैसा कमीच असणार. मी कुठे पहिला नंबर मागत होते? रांगेत तरी उभं राहू द्यायचं ना. बाबांचा हात तेव्हा चांगला होता, हे काय मी खोटं लिहिलं होतं?"

तिने पत्रे लिहिली, प्राध्यापकांना भेटली. सगळे हळहळले. नियम मात्र जागचा हलला नाही.

आणि एका सकाळी लंबूने मला कपाटावरून खाली काढले. कपड्यांच्या घड्या तीच घालत होती.

"माझ्यावर राग नाही ना गं?"

"तुझ्यावर कशाला? तुला मिळायलाच हवं होतं."

"आणि तुला?"

धाकटी एकेक पुस्तक माझ्यात कोंबू लागली. पुस्तकांमुळे माझे झाकण लागेना, तेव्हा दोघी माझ्यावर बसल्या आणि तिथेच रडल्या. मित्रांनो, ज्या दिवसाची मी इतकी वाट पाहिली, तो दिवस असा आला. मला घरी जायचे होते, पण तिच्या आनंदाने भरून जायचे होते.

आता मी तिच्या पलंगाखाली असते. दिवसा ती एका नकाशे काढणाऱ्याच्या कचेरीत काम करते आणि फीसाठी पैसे साठवते. तेवढे साठतील की नाही, मला ठाऊक नाही. मला आता त्या अरुंद खोलीची ओढ लागली आहे.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, चाकांना तेल द्या, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे थोडे वेगळे आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी टेबलामागे बसून नियम करील. तेव्हा दुरून आलेल्या मुलाला एकदाच विचारून दार लावू नका. दरवर्षी विचारा, "आता कसं आहे घरी?"

काल संध्याकाळी धाकटीने मला बाहेर ओढले, एक पुस्तक काढून वाचले आणि परत माझ्यात ठेवले. आई दारात उभी होती.

"अगं, फळी रिकामी आहे. तिथे लाव की पुस्तकं."

"नको आई," ती माझे झाकण लावत म्हणाली. "तिथे लावली की मी परत आले असं होईल."