शेवटच्या अर्थाची चिठ्ठी

मुख्य संपादकबाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिसऱ्यांदा परत पाठवला, तेव्हा त्यावर लाल पेनाने एकच ओळ होती: 'शेवटच्या अर्थाला वाक्य नाही.' डिक्शनरीकाकांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. ओळ तीच होती. गठ्ठा त्यांनी टेबलावर असा आपटला की शेजारचा कारकून दचकून जागा झाला.

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात उरलं होतं. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत एकतीस वर्षं घासलेला हा माणूस. सध्या त्यांच्या मानगुटीवर बसला होता 'पुट अप'. दोन टीचभर शब्दांत इंग्रज माणूस काय काय उरकतो, याचं त्यांना आधी कौतुक वाटलं होतं, आता डोकं उठलं होतं. तंबू ठोकला तरी पुट अप, भिंतीवर फोटो लावला तरी पुट अप. भाव वाढवणं, पाहुण्याला घरी ठेवून घेणं, निवडणुकीला माणूस उभा करणं, सगळं पुट अपच. आणि वर शेपटीला 'विथ' लावलं की सहन करणं, सोसणं, खपवून घेणं, चालवून घेणं. बाकी सगळे अर्थ मार्गी लागले होते. घोडं अडलं होतं ते या शेपटीपाशी.

अडलं ते कचेरीच्या नियमामुळे. वाक्य मनाने रचायचं नाही. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं, खाली तारीख, बोलणाऱ्याचा धंदा आणि वय लिहायचं, तरच अर्थ छापायचा. म्हणून काकांच्या खिशात कायम कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिलीचा तुकडा असे. पाहुण्याचं वाक्य त्यांना मेव्हण्याकडून मिळालं होतं, भाव वाढवण्याचं भाजीवालीकडून.

शेवटच्या अर्थासाठी मात्र त्यांनी आठ दिवस वणवण केली. वीजबिलाच्या रांगेत उगाचच उभे राहिले. तिथे लोक सहन काही करत नव्हते, नुसत्या शिव्या घालत होते. मग सरकारी दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसले. तिथली माणसं खरोखरच सोसत होती, पण एकही तोंड उघडत नव्हतं. शेवटी नर्सने येऊन विचारलं, तुम्हाला काय होतंय. काय होतंय ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून काका उठून चालते झाले.

पान शुक्रवारी छापायला जाणार होतं. आणि गुरुवारी सकाळी दहाच्या बसची दोन तिकिटं काकूंनी महिन्यापूर्वीच काढून ठेवली होती. मुलगी परगावी होती, पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. या खेपेला काका बरोबर येणार, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे काकूंनी ठरवलं होतं आणि काकांनी मान हलवली होती.

बुधवारी सकाळी काकू दुपटी घडी करून बॅगेत ठेवत होत्या. काकांनी दारातूनच, एक पाय चपलेत घालत, सांगून टाकलं की उद्या काही निघता येणार नाही, एक अर्थ राहिलाय.

काकू भडकल्या नाहीत. हातातलं दुपटं त्यांनी पूर्ण घडी केलं.

"ही जन्मली तेव्हा तुमचं सी अक्षर चाललं होतं," त्या म्हणाल्या. "सी संपलं की चार दिवस घरी राहतो म्हणालात. मी एकटीने काढले ते दिवस. मग एल संपलं की, मग ओ संपलं की. तुमच्या आईचं बोलणं मी ऐकून घेतलं. घरभर चिठ्ठ्यांचा पसारा खपवून घेतला. तुम्ही जेवताना ताटाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघता, मी काय बोलते म्हणून नाही, कसं बोलते म्हणून. तेही चालवून घेतलं. पण आता नाही हो होत माझ्याच्याने."

आणि काकांचा हात खिशात गेला. ते पाप त्यांनी ठरवून केलं नाही, एकतीस वर्षांची सवय होती. चिठ्ठी बाहेर आली, पेन्सिल बाहेर आली, भिंतीवर चिठ्ठी टेकवून ते लिहूही लागले. ऐकून घेतलं, खपवून घेतलं, चालवून घेतलं. एका दमात तिन्ही. आठ दिवसांची पायपीट, आणि वाक्य घरातच होतं.

मान वर केली तेव्हा काकू त्यांच्याकडेच बघत होत्या. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"कुठपर्यंत आलात?" त्यांनी विचारलं.

काकांनी चिठ्ठीकडे पाहिलं.

"पसाऱ्यापर्यंत आलात ना? मग पुढचं घ्या. हळू सांगते." आणि शाळेतल्या बाई शुद्धलेखन घालतात तशा त्या एकेक शब्द थांबून थांबून पुन्हा बोलल्या. काकांनी लिहिलं. खाली तारीख घातली. गृहिणी, वय अठ्ठावन्न.

कचेरीत पोचेपर्यंत त्यांनी ती चिठ्ठी चार वेळा वाचली आणि दर वेळी त्यांना स्वतःची जास्त लाज वाटली. संपादकबाईंनी विचारलं, "काका, मिळालं का?" तेव्हा चिठ्ठी खिशात असूनही ते नाही म्हणाले. मग जिन्यात गेले आणि तिचे बारीक तुकडे केले. बायकोचं दुखणं आपण परक्यांच्या हाती देणार नाही. त्यांना फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण शब्दापेक्षा तिला मोठं मानलं, असंही वाटलं. रात्री त्यांना छान झोप लागली.

गुरुवारी बॅगा घेऊन ते काकूंना सोडायला स्टँडवर आले. काकू खिडकीशी बसल्या, शेजारच्या सीटवर त्यांनी पर्स ठेवली. खाली उभ्या काकांना आता राहवेना.

"ती चिठ्ठी मी फाडून टाकली," ते म्हणाले.

"कुठली?"

"कालची. तुझं बोलणं असं चव्हाट्यावर कशाला? दिलीच नाही मी."

काकूंनी विचारलं, "मग आता तुमच्या त्या अर्थाचं काय?"

"बघतो ना. उद्यापर्यंत मिळेल कुणाचं तरी. म्हणून तर थांबावं लागतंय."

"म्हणजे दिली असती, तर काम कालच संपलं असतं."

हे काकांच्या ध्यानातच आलं नव्हतं. अगदी खरं सांगायचं तर एकदाही आलं नव्हतं.

"एवढं थांबून थांबून सांगितलं मी," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "म्हटलं, घेऊ देत. जगाने वाचलं तर वाचलं. पण उद्या गाडीत शेजारी तर बसतील."

ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. काकांनी बसच्या दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, चार पावलांवर. मग त्यांना बाईंची लाल ओळ आठवली, उद्याचं पान आठवलं, आणि त्यांनी खिडकीची दांडी धरली.

"परवा," ते म्हणाले. "उद्या पान गेलं की परवा सकाळच्याच गाडीने निघतो. नक्की."

कडेवर पोर घेतलेली एक बाई सीटा बघत बघत पुढे आली. "ताई, इथे कुणी आहे का?"

काकूंनी एकदा खाली काकांकडे पाहिलं. मग पर्स उचलून मांडीवर घेतली.

"नाही, बसा," त्या म्हणाल्या आणि पोराला बसता यावं म्हणून खिडकीकडे सरकल्या.