एकशे अठरावं पत्र

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी मत्स्य खात्यातली कारकूनबाई दुसऱ्या दिवशी बोलणाऱ्यांची यादी पत्रांशी ताडून बघत होती. एकशे अठराव्या क्रमांकाला तिची बोटं थबकली. पत्रावर तिच्या आईचं नाव होतं. खाली आईची सही. आई जाऊन दोन वर्षं होत आली होती.

पत्र छापील होतं. तसली चारशेच्या वर आली होती आणि सगळ्यांत शब्दन् शब्द तोच मजकूर: वेढा जाळ्यांवर आणि तराफ्यांवर बंदी घालू नका. खात्याला नवा नियम करायचा होता, म्हणून लोकांची मतं मागवली होती. खोल समुद्रात तराफे सोडून द्यायचे, त्यांच्या सावलीला मासळी जमली की चहूबाजूंनी जाळं आवळायचं, अशी ट्यूना पकडायची ही पद्धत. त्यात ट्यूनाची पिल्लं, कासवं, जे सापडेल ते वर येतं. नियम झाला असता तर बंदरावरच्या कारखान्याच्या पाच मोठ्या बोटी बसून राहिल्या असत्या.

आईनं त्याच कारखान्यात सत्तावीस वर्षं मासे साफ केले होते. दरवर्षी मासळी लहान होत चालली म्हणून ती घरी येऊन धुसफुसायची. "आज तर अशी पिल्लं होती, की सुरी लावायची मलाच लाज वाटली," म्हणायची. ती बाई मेल्यावर मत बदलणार होती होय!

पत्राच्या तळाशी आणखी एक रकाना होता, सह्या गोळा करणाऱ्याचा. तिथे तिच्या नवऱ्याची सही होती.

पत्र फाडून टाकावं तर त्यावर शिक्का बसला होता, क्रमांक पडला होता, यादीची एक प्रत सुनावणी घेणाऱ्या मॅडमकडे गेली होती. त्यात 'मला प्रत्यक्ष बोलायचं आहे' या चौकोनात बरोबरची खूण. उद्या भर सभागृहात नावं पुकारायची होती ती तिनंच.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. तो कारखान्याच्या बोटीवर जाळं ओढायचं यंत्र चालवायचा. तिनं त्याला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.

"माझ्या आईची सही तू केलीस?"

तो दारातच उभा राहिला. "प्रत्येकाला पन्नास सह्या आणायला सांगितल्या होत्या. माझ्या तीन कमी पडल्या. कारखान्याची जुनी यादी हाताशी होती, त्यातली तीन नावं घातली. मला वाटलं, कोण बसलंय वाचायला!"

"मी बसलेय वाचायला. आणि बोलायचंय म्हणून खूण कशाला केलीस?"

"ती सगळ्यांवर छापूनच आली होती. बहुतेकांनी खोडली. माझ्या लक्षात नाही राहिलं." तो खाली बसला. "अगं, हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल. नोकरी गेली की ही खोलीही गेली. कारखान्याचीच आहे ना ती?"

तिनं खोलीकडे बघितलं. एक खिडकी, तीही कारखान्याच्या भिंतीकडे उघडणारी.

"उद्या ते नाव गाळ," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. डावीकडे कारखान्याच्या निळ्या सदऱ्यांच्या रांगा, त्यातच तिचा नवरा. उजवीकडे काठीला गळ लावून एकेक ट्यूना पकडणारे लहान होडीवाले. त्यांच्यात पुढे बसले होते तिचे वडील. त्यांना सगळं बंदर तांडेल, म्हणजे होडीवाल्यांचा म्होरक्या, म्हणायचं.

तांडेलांचा क्रमांक चाळिसावा होता. प्रत्येकाला तीन मिनिटं. म्हातारा कागद न घेता उभा राहिला.

"मी एक मासा पकडतो, तो लहान असला तर परत सोडतो," ते म्हणाले. "जाळ्याला हात असतात, पण डोळे नसतात. ते कुणाला सोडणार? पूर्वी तासाभराच्या अंतरावर ट्यूना मिळायचा. आता दिवसभर जातो आणि रिकाम्या हातानं येतो. माझं वय झालं, माझं कसंही निभेल. पण मासळीच उरली नाही तर हे निळे सदरेवाले तरी काय डब्यात भरणार?"

कारखान्याच्या रांगेतही कुणीतरी मान डोलावली. मॅडमनी दोनदा काहीतरी टिपून घेतलं. लेक सुनावणीचं इतिवृत्त लिहीत होती, आणि बापाचं वाक्य लिहिताना तिला छाती भरून आल्यासारखं वाटलं. पण तेवढंच. पुढचा एकेक क्रमांक तिला एकशे अठराकडे ढकलत होता.

एकशे सतरावा माणूस खाली बसला. नवरा तिच्याकडे टक लावून बघत होता. ती एकशे एकोणीस म्हणणार, एवढ्यात मॅडम आपल्या यादीवर पेन ठेवून म्हणाल्या, "एकशे अठरा राहिलं ना?"

तिनं आईचं नाव वाचलं. संपूर्ण, आडनावासकट.

तांडेल उभे राहिले.

"ती माझी बायको. ती वारली," ते म्हणाले. "दोन वर्षं होतील."

"मग हे पत्र कुणी दिलं?" मॅडमनी कागद मागून घेतला. तळाची, सह्या गोळा करणाऱ्याची सही त्यांना पटकन लागेना.

तांडेलांनी लेकीकडे बघितलं. मग निळ्या सदऱ्यांतल्या जावयाकडे. त्याची मान खाली गेली होती. म्हाताऱ्याला सांगायची काही गरजच उरली नाही.

"मी दिलं," ते म्हणाले. "सही मीच केली."

"तुम्ही? तुम्ही तर आत्ता याच्या उलट बोललात!"

"म्हातारपणी डोकं ठिकाणावर नसतं, बाई."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. "यांची साक्ष विचारात घेतली जाणार नाही," त्या म्हणाल्या. "लिहा." आणि तिनं लिहिलं. स्वतःच्या हातानं, बापाच्या साक्षीवर आडवी रेघ मारली.

इतिवृत्तात चूक असेल तर सात दिवसांत कळवायची मुभा होती. ते सात दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. नवरा घरात पाऊल न वाजवता वावरायचा. "तू आता तोंड उघडू नकोस," बाबांनी बजावलं होतं, "नाहीतर मी केलं ते वाया जाईल." बोललं तर घर जाणार, गप्प बसलं तर आईच्या नावाचं खोटं कायमचं बाबांच्या माथी राहणार. सातव्या दिवशी कार्यालय बंद व्हायला अर्धा तास उरला असताना तिनं मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. एकशे अठराव्या पत्रावरची सही नवऱ्यानं केली, हे मला सुनावणीच्या आदल्या दिवसापासून माहीत होतं, एवढंच त्यात होतं.

नवऱ्यानं गोळा केलेली पन्नासच्या पन्नास पत्रं बाद झाली. मग उरलेलीही तपासली, तर त्यांतली निम्मी तशीच खोटी निघाली. नवऱ्याची नोकरी गेली, खोली गेली. माहीत असून लपवलं म्हणून तिची बदली जुन्या कागदपत्रांच्या तळघरात झाली. बाबांची साक्ष मात्र परत धरली नाहीच. जो माणूस सुनावणीत एकदा खोटं बोलला, त्याचं दुसरं काय खरं मानायचं, असं मॅडम म्हणाल्या. दोन महिन्यांनी नियम आला, पण अर्धवट. तराफे बंद झाले, जाळी राहिली.

आता तिघं बाबांच्या एका खोलीत राहतात. बाबा आणि जावई पहाटे एकाच होडीतून जातात, दुपारी एकाच कोपऱ्यात बसतात. तिच्याशी दोघंही बोलत नाहीत. "तिला सांग, प्यायला पाणी दे," बाबा जावयाला म्हणतात, ती दोन हातांवर उभी असताना. जावई सांगत नाही, नुसतं तिच्याकडे बघतो. ती तांब्या भरून दोघांच्या मध्ये ठेवते आणि दाराशी जाऊन उभी राहते, कारण खोलीत उभं राहायला दुसरी जागा नाही.