रबरी फुगा

नेरूळच्या आमच्या प्रार्थनासभेत लोकांना "भिऊ नका" असं ठासून सांगणारा मी. ऑपरेशनच्या भीतीने रडणाऱ्या रूथमावशींवर तर मागच्या रविवारी चक्क ओरडलो, "मावशी, विश्वास कुठे गेला तुमचा?"

आज एमआरआयच्या टेबलावर माझेच हातपाय गार पडले होते. धातू चालत नाही म्हणून गळ्यातला क्रूस काढून ट्रेमध्ये ठेवावा लागला. टेक्निशियन मुलीने हातात रबरी फुगा दिला. "काका, घाबरलात तर हा दाबा. लगेच बाहेर काढते."

आत सरकलो. छत नाकाला टेकतंय असं वाटलं. ठणठणाट सुरू झाला आणि मी फुगा दाबला.

"परत आत जाल ना?" मला बाहेर काढून तिने विचारलं. मी लाजेने हो म्हणालो.

या वेळी पाठ असलेली एकही प्रार्थना आठवेना. बोटं फुग्यावर आवळली. "प्रभू," मी पुटपुटलो, "मी घाबरलोय. फार घाबरलोय." इतकं खरं मी त्याच्याशी कधीच बोललो नव्हतो. ठणठणाट चालूच राहिला, छातीही धडधडत राहिली. पण आत मी एकटा नव्हतो. बोटं सैल झाली.

वीस मिनिटांनी बाहेर आलो. क्रूस गळ्यात घालायच्या आधी रूथमावशींना फोन लावला.

"मावशी, माफ करा हो. आज मीही घाबरलो होतो. प्रभू माझ्यावर ओरडला नाही."