बाजूला काढून ठेवलेली मादी

निरीक्षकबाईंनी मासळी बाजाराच्या ओल्या फरशीवर लाकडी मोजपट्टी टेकवली आणि त्यांचा पारा चढला. समोरच्या परातीत एकाही माशाला डोकं नव्हतं, शेपूट नव्हती.

"मावशी, डोकी कुठं गेली?"

"गिऱ्हाइकाला साफ करून लागतात, ताई," मासळीवाली म्हणाली. "आता गिऱ्हाइकाची सोयसुद्धा बघायची नाही का?"

शेजारच्या विक्रेत्या गालात हसल्या. नियम साधा होता. तळ्यातला मासा ठरलेल्या लांबीपेक्षा लहान असला तर विकायचा नाही, आणि विणीच्या हंगामात अंड्यांवर आलेली मादी धरायचीही नाही, विकायचीही नाही. पण लांबी मोजायची तोंडापासून शेपटीपर्यंत. दोन्ही टोकं उडवली की मोजणार काय, कपाळ?

चिडून त्यांनी बादलीवरचं ओलं गोणपाट उचललं. खाली एक अख्खी मादी होती, पोट टम्म फुगलेलं.

"आणि ही?"

"ती विकायची नाही. एका काकांसाठी बाजूला काढून ठेवलीय. सकाळी एक नेली, ही उद्यासाठी."

"बंदी आहे, माहीत आहे ना?"

"आहे की! करा दंड. विकणारीला तुम्ही पकडता, खाणाऱ्याला कोण पकडतं?" मग मावशीनं आवाज उतरवला. "काका तुमच्याच घरचे आहेत, ताई."

निरीक्षकबाईंनी मादी जप्त केली, दंडही केला. पण घरी जाताना त्यांना वाटलं, आजपासून या बाजारात आपला शब्द कोण ऐकणार?

घरी सासरे ओट्याशी उभे होते. ताटात हातभर मासा, शेजारी त्याच्या पोटातली अंड्यांची पिवळीधमक गाभोळी. कोपऱ्यात त्यांचा गळ उभा होता, कोरडा ठणठणीत.

"बाबा, रविवारी तळ्यावर काय मिळालं?"

"काय मिळणार? शेवाळ! त्या तळ्यात मासा औषधालाही उरला नाही. तुमचं खातं झोपा काढतंय."

"खातं झोपा काढतंय, आणि बाजार माझ्यावर हसतोय! तुमच्यासाठी मादी बाजूला काढून ठेवतात, बाबा. मी आता कुणाला तोंड दाखवू?"

सासरे थोडे वरमले, पण हटले नाहीत. "अगं, ती मेलेलीच होती. मी नसती घेतली तर दुसऱ्यानं घेतली असती. आणि एका मादीनं तळं रिकामं होतं होय?"

"हेच वाक्य घरोघरी चालू असेल," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "म्हणून तर तुम्ही दिवसभर गळ टाकून बसता आणि डास चावून घेऊन परत येता."

सुनेनं विचारलं, "बाबा, या गाभोळीत अंडी किती असतील?"

"असतील शे-दोनशे."

"मोजा ना. नखाएवढाच तुकडा मोजा."

सासऱ्यांची नोकरी दुसऱ्यांच्या बेरजा तपासण्यात गेली होती. ऐकीव आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि मोजणी अर्धवट सोडणं रक्तात नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला, बशी घेतली, सुईच्या टोकानं दाणा दाणा वेगळा करू लागले. दहाचे पुंजके केले. मध्येच चुकले, पुन्हा सुरुवात केली. चहा निवला. बशी भरत आली, तरी नखाएवढा तुकडा अजून संपत नव्हता. त्यांनी सुई खाली ठेवली आणि ताटातल्या उरलेल्या गाभोळीकडे बघत राहिले.

"ही सगळी जगतात?"

"नाही, बाबा. बहुतेक मरतात. म्हणून तर मादी एवढी अंडी घालते. त्यातली मूठभर वाढतात, त्यांवर तळं चालतं. लहान मासा सोडायचा तो एवढ्यासाठी, की त्यानं निदान एकदा तरी वंश वाढवावा. आणि विणीच्या दिवसांत बंदी असते, कारण तेव्हा एक मादी धरली की पुढची पिढीच टोपलीत येते."

सासरे एकदम खुर्चीवर बसले. "म्हणजे रविवारी मी ज्याची वाट बघत बसतो, तेच आदल्या वर्षी तळून खाल्लेलं असतं!"

"आता टाकू नका, तिचा जीव फुकट जाईल," सासूबाई म्हणाल्या. "पण ही शेवटची."

गाभोळी पानात आली. ती त्यांनी दाणा दाणा मोजत असल्यासारखी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते सुनेबरोबर बाजारात गेले. मावशी म्हणाली, "काका, तुमची मादी जप्त झाली. दुसरी मागवते."

"नको. आज नको, पुढेही नको," ते मोठ्यानं म्हणाले. "हंगाम संपला की मापात बसणारा मासा दे, डोक्या-शेपटीसकट. साफ मी घरी करीन. बिनडोक्याचा मासा मी घेणार नाही!"

मागून एक गृहस्थ पुढे सरसावले. "काकांना नको असेल तर ती मला ठेवा हो."

काका गर्रकन वळले. "तुम्ही तळ्यावर गळ टाकता का?"

"टाकतो की. पण हल्ली मेलं काही लागतच नाही."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, लागेल कुठून? या इकडे, एक बशी आणि सुई आणा, मग सांगतो!"

या वेळी शेजारच्या विक्रेत्या हसल्या नाहीत. मावशीनं सुरी बाजूला ठेवली आणि हातातला मासा, न कापता, स्वतःहून मोजपट्टीवर आडवा केला. तो मापात बसला नाही. तिनं तो परातीत टाकला नाही. पण बाजारात परात काही एकच नव्हती.

मित्रहो, एक निरीक्षक प्रत्येक बादलीवरचं गोणपाट उचलू शकत नाही. ते गोणपाट आपल्या मागणीनं घातलेलं असतं. आपण "माझ्यासाठी बाजूला ठेवा" म्हणणं थांबवू, तेव्हाच तळ्यात काही शिल्लक राहील.