बापाकडे न हसणारी मुलगी

पाच महिन्यांची ती मुलगी दूधवाल्याकडे पाहून हसे, जिन्यातल्या मांजराकडे पाहून हसे, छताच्या बंद पंख्याकडे पाहूनही हसे. बापाने मांडीवर घेतले की मात्र ती मिनिटभर त्याच्याकडे टक लावून पाही, मग मान फिरवी, आणि मग रडू लागे.

बाप औषध कारखान्यांतले वजनकाटे तपासण्याचे काम करी. मिलिग्रॅमचा दहावा भाग चुकला तरी काटा नापास करणारा माणूस तो. ‘पोरगी तापट आहे’ हे स्पष्टीकरण त्याला पटणारे नव्हते. परिणाम आहे म्हणजे कारण आहे, आणि ते सापडत नसेल तर आपलाच शोध अपुरा आहे, असे त्याचे मत होते.

शोधाला मुदतही होती. परिचारिका असलेली बायको सोमवारपासून कामावर रुजू होणार होती. त्याने हट्टाने तीन महिन्यांची रजा मिळवली होती. पण मुलगी त्याच्याजवळ राहिली नाही, तर रविवारी सासूबाई तिला आपल्या गावी घेऊन जाणार, असे ठरले होते. नातीची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

“मिशीमुळे असेल,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या मामंजींची मिशी बघून मोठी माणसंसुद्धा रडायची.”

शनिवारी सकाळी त्याने अठरा वर्षांची मिशी उतरवली. मुलीने पाहिले, मान फिरवली, भोकाड पसरले.

“तेल गेलं, तूप गेलं,” सासूबाई उघड्या ओठाकडे पाहत म्हणाल्या, “आता धुपाटणं तेवढं राहिलं.”

दुपारपर्यंत त्याने साबण बदलला, चष्मा काढला, खिडकीकडे पाठ करून पाहिले आणि तोंड करूनही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम त्याने मोडला नाही.

“अहो, ती मुलगी आहे,” बायको म्हणाली. “कारखान्यातला नमुना नाही.”

“नमुना असती तर एव्हाना निकाल लागला असता.”

“पण तुम्ही तिला घेता तरी कसे?”

“फार जपून. जराही हलत नाही मी.”

बायको हसली आणि गणवेशाला इस्त्री करायला आत गेली. तिचे हसू पुरते खरे नव्हते, हे त्याला दिसले.

संध्याकाळी मुलीला घेऊन तो खोलीत येरझारा घालत होता. तिचा ओठ थरथरू लागला होता. तेवढ्यात त्याच्या पायाची करंगळी पलंगाच्या खुरावर आदळली.

“आई आई आई गं!”

भुवया कपाळावर गेल्या, तोंड वाकडे झाले, एका पायावर त्याने दोन उड्या मारल्या. आणि मुलगी हसली. बोळके पूर्ण उघडून, पोट हलवत, थेट त्याच्याकडे पाहून हसली.

तो सवयीप्रमाणे जागच्या जागी थांबला आणि निरखू लागला. तिचे हसू ओसरले. तिने भुवया उंचावल्या, पाय झाडले, ‘अंऽगू’ असा आवाज काढला. थोडी थांबली. पुन्हा तोच आवाज काढला. मग तिची मान हळूहळू वळू लागली.

हा क्रम त्याने शेकडो वेळा पाहिला होता, पण लक्ष नेहमी शेवटच्या रडण्याकडेच गेले होते.

त्याने न लागलेला पाय उचलला आणि खोटेच विव्हळला. मुलगी खिदळली. तो पुन्हा थांबला, चेहरा कोरा ठेवून मनात आकडे मोजू लागला. सहाव्या आकड्याला तिचा ओठ दुमडला. तिसरी चाचणी घ्यायला हवी होती. दोन नोंदींवर कोणी निष्कर्ष काढत नाही. पण ती चाचणी त्याला घेववली नाही.

“अंगू?” तो म्हणाला. “असं म्हणता? बरं. मग पुढं काय झालं?”

पुढे जे काय झाले ते तिने सविस्तर सांगितले. तो “अरे बापरे”, “मग, बरोबर आहे तुमचं” अशी साथ देत राहिला. सासूबाई आणि बायको दारात येऊन उभ्या राहिल्याचे दोघांनाही कळले नाही.

“घरात आता दोन तान्ही झाली,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, ती पिशवी सोडा,” तो म्हणाला.

“नातीची सोडते. माझी राहू दे, माझी गाडी उद्याचीच आहे.” आणि जाता जाता त्या म्हणाल्या, “मिशी काय, येईल परत.”

बायकोने हातातला गणवेश घडी न घालताच खुर्चीवर टाकला आणि त्या दोघांच्या शेजारी पलंगावर बसली.

कारण साधे होते. नाजूक काट्यासमोर नुसत्या श्वासानेही आकडा हलतो, म्हणून वीस वर्षे तो श्वास रोखून, चेहऱ्याची रेषाही न हलवता काटा वाचत आला होता. जे फार जपायचे त्याच्यासमोर असेच उभे राहायचे, हे त्याच्या अंगात मुरले होते, आणि मुलीला तो सर्वांत जास्त जपत होता. ती रोज त्याला हाक मारत होती. उत्तर येत नव्हते, म्हणून रडत होती.