चौदा फुटांचा वारा

स्टुलावर चढून दक्षाने छताजवळच्या जाळीसमोर हात धरला. वारा नव्हता. तिने पदराचं टोक तिथे नेलं. तेही सरळ लोंबत राहिलं.

"आला काय गं?" खाटेवरून देवजीने विचारलं.

"नाय, बा."

"ताडी प्यायला थांबला असंल वाटंत."

आपल्याच बोलण्यावर तो हसला आणि हसता हसता त्याला दम लागला. दक्षा स्टुलावरून उतरली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा मागच्या अंगणात गेली. तिथे जांभळाच्या सावलीत कूलर जोरात चालू होता. त्याची हवा खोलीत नेणाऱ्या पत्र्याच्या डक्टच्या तोंडाशी हात नेला तर बोटं गार पडत होती. म्हणजे या टोकाला वारा होता, त्या टोकाला नव्हता आणि मधल्या चौदा फुटांत कुठेच गळती नव्हती. वळणाचे दोन एल्बो, चार जोड, सगळ्यांवर टेप. तिने सकाळपासून तीनदा तपासलं होतं.

उधवा गावातल्या या घरकुलाचा स्लॅब घालून दोन वर्षं झाली होती. आधी याच जागी कारवीच्या कुडाचं घर होतं. एप्रिलमध्ये स्लॅब असा तापायचा की देवजीला बसल्या जागी धाप लागायची. त्याच्या खोलीची एकुलती खिडकी रस्त्यावर होती. खडीचे डंपर जात, धूळ आत येई आणि दम वाढे, म्हणून ती कायम बंद असे. तिथे कूलर लावला असता तर धूळच आत ओढली गेली असती.

तिचा भाऊ मिथुन रानशेतला राहायचा, अजून कुडाच्याच घरात. मागच्या रविवारी तो म्हणाला होता, "बाला मी नेतो. तू त्याला भट्टीत ठेवलाय."

"एक आठवडा दे," दक्षा म्हणाली होती. "खोली थंड नाय झाली तर ने."

आज तो रविवार होता. मिथुन चार वाजता येणार होता. आता अडीच वाजले होते.

दक्षा राज्याच्या सीमेपलीकडच्या कारखान्यात चौदा वर्षं डक्टच्या पत्र्यांवर थंडावा टिकवणारा काळा रबर चिकटवत होती. मॉल, हॉस्पिटल, हॉटेल, सगळीकडचे पत्रे तिच्या हाताखालून गेले होते. प्रत्येक तुकड्यावर मार्करने अक्षरं असत. एस.ए.चा ढीग डावीकडे लावायचा, आर.ए.चा उजवीकडे. जोडलेला, चालू डक्ट मात्र तिने कधी पाहिला नव्हता. घरासाठी तिने कारखान्यातले नापास तुकडे मागून आणले होते. त्यातले एस.ए.चे तेवढे घेतले, कारण ते जास्त पक्के असत.

शेवटी तिने सुपरवायझर जतीनभाईंना फोन लावला. रविवारी फोन करायचा म्हणून ती दोनदा थांबली होती.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "दक्षाबेन, खोलीतून हवा बाहेर कुठून जाते?"

"कुठून जाईल? दार बंद, खिडकी बंद. गळायला जागाच नाय ठेवली."

"तेच तर. भरलेल्या हंड्यात अजून पाणी ओतताय तुम्ही. तिथे रिटर्न तरी हवा, नाहीतर खिडकी उघडा."

"रिटर्न म्हणजे?"

"आर.ए., दक्षाबेन. रिटर्न एअर. एस.ए. हवा आणतो, आर.ए. खोलीतली हवा परत नेतो."

"उजवीकडचा ढीग?"

"हां. उजवीकडचा."

"पण खिडकी उघडली तर धूळ येईल ना?"

"हवा बाहेर ढकलली जाते तेव्हा धूळ आत येत नाय. चार बोटं उघडा फक्त."

तिने फोन ठेवला. उजवीकडचे सगळे तुकडे हवा परत नेणारे होते. चौदा वर्षं तिला वाटत होतं की सगळेच पत्रे थंड हवा आणतात.

तिने खिडकी चार बोटं उघडली. जाळीतून वारा आला. पदर हलला. देवजीने मान वर केली आणि डोळे मिटले.

"कुठून येतो गं?"

"मागून. जांभळाखालून."

"भिंतीतून?"

"पत्र्यातून, बा."

त्याला ते पटलं नसावं. तो भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने तोंड आवळलं, खांदे हलले, आणि दक्षाला कळलं की तो खोकला दाबतोय. वारा ओला होता. खाटेवरची चादर हाताला दमट लागत होती.

"त्रास होतो काय?"

"नाय. मस्त हाय," देवजी म्हणाला आणि त्याने पुन्हा तोंड आवळलं.

दक्षा मागे गेली. कूलरचा पाण्याचा पंप बंद केला, तिन्ही बाजूंच्या ओल्या गवताच्या जाळ्या काढून अंगणात उभ्या केल्या. नुसता पंखा चालू ठेवला. आता डक्टमधून जांभळाच्या सावलीतली साधी, कोरडी हवा जात होती. हा कूलर राहिला की नाही, आणि खोली थंड म्हणायची की नाही, तिला सांगता आलं नसतं.

मिथुन चारला आला. हातात रिकामी पिशवी, बाचे कपडे भरायला. खोलीत शिरून तो स्टुलावर चढला आणि त्याने जाळीसमोर हात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग बहिणीकडे पाहिलं.

"हा तर नुसता वारा हाय."



"थंड हाय," देवजी म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता आणि दम लागलेला नव्हता. "तुला काय कळतंय? खाट जरा तिकडं घ्या. तोंडावर येऊ दे."

"उठ मग, बा."

"मी नाय उठत."

मिथुनने पिशवी घडी करून खिशात घातली. तो डोक्याकडे गेला, दक्षा पायाकडे. दोघांनी देवजीसकट खाट उचलली आणि तो सांगेल तिथे, बोटभर इकडे, बोटभर तिकडे, सरकवत राहिले.